खोकं बिस्किटाचं, भिंगं दोन आणि कान हलवणारा बैल

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे वरूड तालुक्यात आला आणि दोन दिवसांत गावाला कंटाळला. म्हणून आम्ही व्हीआरचं खोकं करायला घेतलं. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, पुस्तकी मराठीत आभासी वास्तव. खोक्यात फोन बसवायचा आणि दोन भिंगांतून बघायचं, म्हणजे आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटतं. आमच्या घरात त्याचं नाव पहिल्या दिवसापासून 'खोकं' असंच पडलं.

कल्पना आमची नव्हे. गुगलच्या पॅरिसमधल्या डेव्हिड कोझ आणि डेमियन हेन्री या दोन अभियंत्यांनी पुठ्ठ्याचा असा चष्मा केला आणि जून २०१४ मध्ये 'कार्डबोर्ड' या नावाने तो जगासमोर आला. आराखडा सगळ्यांना खुला होता. पुढच्या पाच वर्षांत असे दीड कोटीहून जास्त चष्मे लोकांच्या हातात गेले. २०२१ मध्ये गुगलने विक्री बंद केली, पण पुठ्ठा, कात्री आणि भिंगं काही बंद झालेली नाहीत.

पुठ्ठ्याला आमच्या भागात तोटा नाही. संत्र्यांची खोकी घरोघरी पडलेली असतात. पण तो पुठ्ठा जाड, घडी घालताना फुटतो. किराणा दुकानातलं बिस्किटाचं खोकं बरं पडलं. कटरने वरवर चीर दिली की सुबक दुमडतं. भाच्याने आधी फवारणीच्या औषधाचं रिकामं खोकं उचलून आणलं होतं, ते मी हातातून काढून घेतलं आणि त्याला हात धुवायला पाठवलं. नाकाला टेकवून बघायची वस्तू ती. शिवाय यवतमाळचा २०१७ चा फवारणीचा हंगाम, औषधाची विषबाधा होऊन शेतकरी दगावले तो, आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही.

खरी मेख भिंगांत असते. फोन डोळ्यांपासून चार-पाच सेंटीमीटरवर धरून बघा, सगळं धूसर दिसतं. इतक्या जवळचं स्पष्ट बघायची ताकद डोळ्यात नसते. चाळिशी उलटलेल्यांना तर वर्तमानपत्रसुद्धा लांब धरावं लागतं. मधे बहिर्गोल भिंग आलं की पडद्यावरून फाकत येणारे किरण जवळजवळ समांतर होऊन डोळ्यात शिरतात आणि डोळ्याला वाटतं, चित्र लांब आहे. त्यासाठी फोन भिंगाच्या नाभीपाशी, म्हणजे लांबून आलेले किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात तिथे, किंवा तिच्या केसभर आत बसायला हवा. भिंगापासून नाभीपर्यंतचं अंतर ते नाभीय अंतर. पहिल्या कार्डबोर्डची भिंगं ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची होती. आम्ही मागवलेल्या भिंगांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी अंदाजाने फोन सहा सेंटीमीटरवर बसवला आणि चित्राचा पार चिखल झाला.

मग मोजलं. दुपारी खोली अंधारी केली, एक खिडकी उघडी ठेवली आणि तिच्यासमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून मागेपुढे केलं. एका जागी बाहेरचा निंब भिंतीवर उमटला, उलटा, बोराएवढा, हलत्या पानांसकट. तिथून भिंतीपर्यंत पट्टी लावली तर साडेचार सेंटीमीटर भरले. निंब बराच दूर असल्याने हेच नाभीय अंतर धरता येतं. हे उन्हात सूर्याकडे भिंग धरूनही मोजता येतं, पण वैशाखात कागद पेटायला वेळ लागत नाही. त्याच कारणाने तयार खोकं फोनसकट ओट्यावर, भिंगं आभाळाकडे करून कधीच ठेवू नये. पडद्यावर जळका डाग पडतो.

दोन भिंगांच्या मध्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर ठेवलं, कारण मोठ्या माणसाच्या बाहुल्या सरासरी तितक्या लांब असतात. मधे पुठ्ठ्याची भिंत घातली, म्हणजे डाव्या डोळ्याला पडद्याचा डावा अर्धाच दिसावा. डोक्याला बांधायचा पट्टा मुद्दामच लावला नाही. हाताने धरलं की मान सावकाश फिरते, आणि मान सावकाश फिरली तर पोटात कमी ढवळतं.

सगळं जमलं, लोणारच्या सरोवराचा ३६० अंशांचा, म्हणजे मान वळवू तिकडचं दाखवणारा व्हिडिओ लावला, आणि भाचा म्हणाला, "मामा, मान फिरवतो तरी चित्र फिरूनच नाही राह्यलं!"

खोकं आम्ही तीनदा उघडलं. दोष त्याचा नव्हताच. त्याच्या स्वस्तातल्या फोनमध्ये जायरोस्कोप नव्हता. वळण किती आणि किती वेगाने घेतलं हे सांगणारा हा सेन्सर. त्याच्या चिपमध्ये सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. फोन वळला की त्या तुकड्याला बाजूला ढकललं जातं, जसं फिरत्या चक्रावर सरळ चालायला गेलं की माणूस तिरका जातो. ते ढकलणं विजेच्या बदलातून मोजलं जातं. फोन आडवा केल्यावर चित्र आडवं होतं ते वेगळ्या सेन्सरचं काम, ॲक्सेलरोमीटरचं. त्याला गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे आहे ते कळतं, पण तुम्ही डावीकडे वळलात की उजवीकडे, हे त्याला समजत नाही. म्हणून खर्च करण्याआधी सेन्सर दाखवणारं एखादं फुकटचं ॲप टाकून यादीत जायरोस्कोप आहे का बघा. भिंगं मागवल्यावर बघण्यात अर्थ नाही, हे मी सव्वाशे रुपये घालवून शिकलो.

पण खोकं वाया गेलं नाही. चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये दोन आरसे आणि हाताने काढलेली दोन चित्रं घेऊन सपाट चित्रात जवळचं जवळ आणि लांबचं लांब दिसण्याचा भास घडवला होता, फोटोग्राफी जगासमोर यायच्या एक वर्ष आधी. डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसणाऱ्या चित्रांत थोडा फरक असला की मेंदू त्या फरकातून अंतर काढतो. त्याला जायरोस्कोप लागत नाही.

तेव्हा आम्ही स्वतःच जोडफोटो काढले. डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, जागेवरच उजव्या पायावर झुकून दुसरा. कॅमेरा सहाएक सेंटीमीटर सरकतो, तेवढंच हवं. सगळ्यात जवळची वस्तू दोन मीटरच्या पलीकडे असावी. दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडायचे, डावा डावीकडे. फोनच्या पडद्यावर त्यांच्या मध्यांतलं अंतर साडेसहा सेंटीमीटरपुढे जाऊ द्यायचं नाही, कारण डोळे नाकाकडे वळतात, बाहेर फाकत नाहीत.

अंगणातली बंडी फक्कड आली. चाकाची प्रत्येक आरी वेगळी, मागे कडब्याची गंजी चांगली हातभर लांब. मग बैलाचा फोटो काढला. खोक्यात बघितलं तर बैल दगडासारखा ठाम, पण एक कान नुसता लुकलुकत होता. दोन फोटोंच्या मधे त्याने कान हलवला होता. एका डोळ्याला कान उभा, दुसऱ्याला पडलेला. मेंदूला दोन्ही जुळवता येईनात, म्हणून तो एकदा हा दाखवी, एकदा तो.

"फोटो हाय, पन कान जिता हाय," भाचा म्हणाला.

मग दिवसभर आम्ही बैलाने कान स्थिर ठेवण्याची वाट बघत गोठ्यासमोर उभे होतो. माश्या इतक्या होत्या की ते शक्यच नव्हतं.