बोझो की पॅचेस? जुन्या अमेरिकी टीव्हीवरचे दोन जोकर कसे ओळखायचे

अमेरिकेतल्या स्थानिक टीव्हीच्या जुन्या चित्रफिती पाहताना बोझो आणि जे. पी. पॅचेस यांची गल्लत सहज होते. दोघेही लाल नाकाचे जोकर. दोघेही शहरातल्या टीव्ही केंद्रावरून मुलांचा कार्यक्रम चालवत आणि अधूनमधून कार्टून दाखवत. फरक वेशात कमी, व्यवस्थेत जास्त आहे. बोझो हा परवान्यावर मिळणारा वेश होता, त्यात शहरागणिक वेगळा माणूस असे. सिअ‍ॅटलकरांसाठी पॅचेस म्हणजे ख्रिस वीडस हा एकच नट.

बोझोचा जन्म टीव्हीवर झालेलाच नाही. १९४६ साली कॅपिटल रेकॉर्ड्सच्या ॲलन लिव्हिंगस्टनने मुलांसाठी तबकडी आणि पुस्तक असा संच काढला. तबकडी वाजत राहायची आणि मूल पानं उलटत जायचं. आवाज होता पिंटो कोल्व्हिगचा, म्हणजे डिस्नेच्या गूफी या कार्टून पात्राला आवाज देणाऱ्याचा. १९४९ मध्ये तोच लॉस एंजेलिसच्या केटीटीव्ही केंद्रावर बोझो झाला. लॅरी हार्मन यानंतर येतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने टीव्हीचे हक्क मिळवले आणि ते शहराशहरांत परवान्यावर दिले. त्यामुळे ‘बोझो हार्मनने निर्माण केला’ असं लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे. त्याने बोझो पसरवला, आणि ते कामही लहान नव्हतं.

सौदा असा: कार्टून आणि पात्र वापरायचा हक्क हार्मनकडून, तर नट, स्टुडिओ, नेपथ्य आणि सोबतची मंडळी केंद्राची. डोक्याचा वरचा भाग टकला, दोन्ही बाजूंना पंखांसारखे ताठ लालभडक केस, पांढऱ्या रंगावर उंच कमानी भुवया. ही ठेवण ठरलेली. नट बदलला तरी मुलांना बोझो तोच वाटावा, यासाठीच ती होती.

इथेच ओळखणाऱ्याची पंचाईत होते. फक्त बोझोचा चेहरा दिसणाऱ्या फोटोवरून शहर सांगू नये. आधी सोबतचं पात्र बघा. शेजारी कुकी हा जोकर (रॉय ब्राउन) किंवा सूत्रधार रिंगमास्टर नेड असेल, तर ते शिकागोचं डब्ल्यूजीएन केंद्र. तिथे १९६० ते १९८४ बॉब बेल आणि पुढे २००१ पर्यंत जोई डॉरिया बोझो होता. बॉस्टनच्या डब्ल्यूएचडीएचवर फ्रँक ॲव्ह्रुच. त्याचे १९६५ ते १९६७ या काळातले १३० भाग, स्वतःचा बोझो नको असलेल्या केंद्रांना विकले गेले. म्हणून ‘आमच्या गावचा बोझो’ म्हणून जपलेली आठवण पुष्कळदा बॉस्टनच्या ॲव्ह्रुचची निघते. आठवण खोटी नसते, फक्त स्टुडिओ दुसऱ्या गावातला असतो.

शिकागोची आणखी एक खूण म्हणजे सहा बादल्यांचा ग्रँड प्राइझ गेम. निर्माता डॉन सँडबर्ग याची ही कल्पना. स्टुडिओतल्या प्रेक्षकांतून एक मुलगा आणि एक मुलगी निवडायचे. त्यासाठी पडद्यावर, मुलांच्या चित्रावर बाण फिरत. मूल रेषेमागे उभं राहून पिंगपाँगचा चेंडू पहिल्या बादलीत टाकी, मग दुसऱ्या, असं सहावीपर्यंत. चुकलं की खेळ संपला. बादली जितकी लांब तितकं बक्षीस मोठं. सहावीत चांदीचे डॉलर असत, आणि कुणी जिंकेपर्यंत त्यांत रोज एकेकाची भर पडे. खेळ इतका सोपा की घरातलं मूलही चार डबे मांडून खेळू शके. मात्र नुसत्या बादल्या बघून शिकागो म्हणू नका, दुसऱ्या केंद्रांच्या बोझोंनीही हा खेळ घेतला होता. शिकागोच्या तिकिटांसाठी वर्षानुवर्षं रांग असे. १९९० मध्ये तिकिटांची नोंदणी फोनवर उघडली तेव्हा पाच वर्षांची तिकिटं पाच तासांत संपली.

शिकागोच्या बोझोसारखा वाद्यवृंद पॅचेसकडे नव्हता आणि सर्कशीचा थाटही नव्हता. सिअ‍ॅटलचं केआयआरओ केंद्र फेब्रुवारी १९५८ मध्ये सुरू झालं आणि त्याच आठवड्यात, १० तारखेला, हा कार्यक्रम सुरू झाला. पॅचेस स्वतःला शहराच्या उकिरड्याचा महापौर म्हणवी आणि तिथल्याच झोपडीत राही. अंगात ठिगळांचा कोट, डोक्यावर चुरगळलेली टोपी. संहिता नाही, बहुतेक सगळं थेट प्रक्षेपण. पॅचेसची मैत्रीण गर्ट्रूड हिच्यासह बहुतेक बाकीची पात्रं बॉब न्यूमन हा एकटा रंगवी. म्हणजे एका पात्राचा वेश बदलेपर्यंत वीडसला कॅमेऱ्यासमोर वेळ काढावा लागे. या कार्यक्रमाची मोकळी, भरकटणारी चाल बरीचशी त्यातूनच आली.

त्याची खरी करामत ‘आयसीयूटूटीव्ही’. म्हणजे टीव्हीच्या आकाराची एक चौकट. तीतून डोकावून तो मुलाचं नाव घेई आणि वाढदिवसाची भेट घरात कुठे लपवली आहे ते सांगे. पालकांनी आधी पत्राने कळवलेलं असे. बोझोचं बक्षीस स्टुडिओत मिळे, पॅचेसचं मुलाच्या स्वतःच्या घरात सापडे. मुलांवर पकड याच जागी बसली, असं आमचं ठाम मत आहे.

‘नट गेला तर कार्यक्रम टिकतो का?’ हा प्रश्न ओळखायला उपयोगी आहे. बेल निवृत्त झाला, डॉरिया आला, शिकागोचा बोझो चालूच राहिला. सिअ‍ॅटलमध्ये वीडसची जागा कुणी घेतली नाही. २५ सप्टेंबर १९८१ रोजी कार्यक्रम थांबला. पण ही कसोटी आंधळेपणाने लावू नये. पॅचेस हे पात्र मुळात मिनिआपोलिसमध्ये डॅरिल लाउबने उभं केलं होतं. तो दुसऱ्या केंद्रावर गेला तेव्हा ते वीडसकडे आलं आणि वीडसने ते सिअ‍ॅटलला नेलं. हातबदल एकदा झाला, पण परवान्याची साखळी कधीच नव्हती.

मॅकडोनाल्ड्स या खाद्यगृहांच्या जाहिरातींतला जोकर रोनाल्ड मॅकडोनाल्ड याला बोझो समजण्याची चूक वेगळी, तरी तिलाही आधार आहे. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसीवर बोझो करणारा विलार्ड स्कॉट हाच १९६३ च्या जाहिरातींतला पहिला रोनाल्ड.

अशा कार्यक्रमांचं उत्पन्न १९७० च्या दशकात आटत गेलं. तोवर जोकर स्वतःच दूध, पाव, खेळणी विकत असे. पालकांच्या चळवळीनंतर मुलांच्या कार्यक्रमात सूत्रधाराने माल विकण्यावर बंदी आली, आणि केंद्रांना हा वेळ महाग वाटू लागला. शिकागोचा बोझो मोठ्या केंद्राच्या बळावर तगला. १९९४ मध्ये तो फक्त रविवारवर आला आणि ऑगस्ट २००१ मध्ये संपला. सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात २००८ पासून पॅचेस आणि गर्ट्रूड यांचा पुतळा उभा आहे.