नाशिक जिल्ह्यात रानअळंबीचं सर्वेक्षण करायचं आहे? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे वारुळांच्या आसपास अळंबी उगवायला लागते. दोन दिवस टवटवीत, तिसऱ्या दिवशी किडे, चौथ्या दिवशी नुसता चिखल. तेवढ्या वेळात फोटो, मोजमाप, नमुना सगळं व्हायला हवं. जमीन वनखात्याची असेल तर त्याच्याही आधी परवानगी हातात हवी. दरवर्षी जूनच्या अखेरीला विद्यार्थी आणि निसर्गमंडळांतली मंडळी विचारतात, "अर्ज कुठे करायचा?" हा प्रश्न फेब्रुवारीत विचारायचा असतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

हे काम महत्त्वाचं का, ते थोडक्यात सांगतो. अळंबी ही बुरशीच. जगभरात बुरशीवर्गातल्या सुमारे दीड लाख प्रजातींनाच आजवर नावं मिळाली आहेत. एकूण प्रजाती २२ ते ३८ लाख असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या रानअळंबीची यादी दिल्ली-पुण्यात बसून पूर्ण होणार नाही. तालुक्या-तालुक्यातून नीट नोंदवलेले, वाळवलेले नमुने येत राहिले तरच ती भरत जाईल.

आधी जमीन कोणाची ते शोधा

सगळी प्रक्रिया यावरच ठरते. अळंबी तीच, पण बांधाच्या अलीकडे एक कागद लागतो आणि पलीकडे दुसरा.

मालकीच्या शेतात किंवा बागेत काम करायचं असेल तर मालकाची लेखी संमती पुरते. सातबारा काढून बघा, नावं एकाहून जास्त असतील तर सगळ्यांना विचारा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात द्या. देवराईच्या बाबतीत गृहीत काहीच धरू नका. काही देवराया वनखात्याकडे आहेत, काही देवस्थानाकडे, काही खासगी. कागद कोणाच्याही नावावर असो, गावच्या जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

अभयारण्याबाहेरच्या राखीव आणि संरक्षित वनासाठी अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे करायचा. जिल्ह्यात नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम असे प्रादेशिक वनविभाग आहेत. आपलं गाव कुठल्या विभागात आणि कुठल्या वनपरिक्षेत्रात येतं, हे जवळच्या वनरक्षकाला विचारलं की दोन मिनिटांत कळतं. काही वनक्षेत्र वन विकास महामंडळाच्या ताब्यात आहे. तिथे वनविभागाचं पत्र चालत नाही, महामंडळाकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो.

इथे स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या पहिल्या अर्जात आम्ही ठिकाण म्हणून फक्त "त्र्यंबक-हरसूल परिसर" असं लिहिलं होतं. काही आठवड्यांनी अर्ज परत आला, कक्ष क्रमांक (वनखात्याच्या नकाशावरच्या जंगलाच्या लहान तुकड्याचा क्रमांक) लिहा म्हणून. त्रुटी दुरुस्त करून मंजुरी मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला. वारुळांवरची अळंबी कधीच संपली होती, मिळाली ती लाकडावरची कडक बुरशी. चूक आमची होती. वनखात्यासाठी "परिसर" या शब्दाला काही अर्थ नसतो. वनपरिक्षेत्र, परिमंडळ, नियतक्षेत्र आणि कक्ष क्रमांक, या क्रमाने ठिकाण लिहिलं की त्या भागात कोणाला सोबत पाठवायचं हे त्यांना लगेच ठरवता येतं.

अभयारण्य आणि संवर्धन राखीव क्षेत्र

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर आणि अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड या दोन्ही अभयारण्यांचा कारभार नाशिक वन्यजीव विभागाकडे आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात असलं तरी नाशिककरांना हा एक हेलपाटा वाचतो.

अभयारण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. अभ्यास, छायाचित्रण किंवा वैज्ञानिक संशोधनासाठी आत जाण्याची परवानगी कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्ज नाशिकच्या वन्यजीव विभागामार्फत, त्यांच्या शिफारशीसह पाठवणं सोयीचं पडतं.

पुढचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि तिथेच अडचण होते. कलम २८ची परवानगी म्हणजे आत जाऊन अभ्यास करण्याची परवानगी. अळंबी उपटून बाहेर नेणं हा वेगळा विषय आहे, तो कलम २९ मध्ये येतो. अभयारण्यातून वनोपजासह कुठलीही गोष्ट नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि तसं नेणं तिथल्या वन्यजीवांच्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे याबद्दल राज्य शासनाची खात्री झाली तरच तो देता येतो. एवढी कडक अट हौशी सर्वेक्षणाला पार करता येत नाही, आणि माझ्या मते ती तशी असणंच योग्य आहे. म्हणून अभयारण्यात फक्त फोटो आणि नोंदींचं सर्वेक्षण करा, अर्जातही स्पष्ट लिहा की एकही नमुना उचलला जाणार नाही. नमुने अभयारण्याबाहेरच्या जंगलातून घ्या.

बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथे जायचं असेल तर अर्जात क्षेत्राचं नाव वेगळं लिहा, नेहमीच्या वनक्षेत्राच्या यादीत ते दडवू नका. अंजनेरीच्या पठारावर तर कंदिलपुष्प ही दुर्मीळ फुलवनस्पती आहे. अळंबीच्या नादात त्यावर पाय पडू नये म्हणून ठरलेली पायवाट सोडायची नाही.

एक प्रश्न नेहमी येतो: अळंबी ही वनस्पती नाही, मग तिला वनकायदा कसा लागू? भारतीय वन अधिनियम, १९२७ मधल्या वनोपजाच्या व्याख्येत झाडं, पानं, फुलं, गवत, वेली, शेवाळ यांची नावं आहेत, अळंबीचं नाही. शास्त्राच्या दृष्टीने बुरशीचा वर्ग वेगळा आहे, हे बरोबरच. पण राखीव वनातून काहीही उचलताना जंगलात उगवलेलं ते वनोपज असं धरूनच चालावं. ठिकाणावर वनरक्षकाशी वाद घालण्याचा हा मुद्दा नाही.

अर्ज कोण करू शकतं?

कलम २८ मध्ये पदवीची अट नाही. पण नमुना ओळखणारं माणूस सोबत आहे का, हे कुठलंही कार्यालय बघणारच. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांच्या सहीने आणि विभागप्रमुखांच्या पत्रासह अर्ज करावा. नोंदणीकृत निसर्गसंस्थेने नोंदणी प्रमाणपत्र जोडावं. एकट्याने काम करणाऱ्यांनी एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं सहकार्यपत्र मिळवावं. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाचीही सोय होते.

परदेशी नागरिक आणि अनिवासी भारतीय यांना हा मार्ग पुरत नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार त्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. आपण भारतीय आहोत, देशातच संशोधन करतो आहोत आणि विक्रीचा हेतू नाही, तर ही मान्यता लागत नाही. मात्र नमुना किंवा त्याचा तुकडा परदेशी प्रयोगशाळेला द्यायचा असेल तर आधी प्राधिकरणाकडे चौकशी करा. डीएनए तपासणी देशातल्याच प्रयोगशाळेत करून घेतली की हा गुंता उद्भवत नाही. पुढे कोणी त्या अळंबीपासून औषध किंवा उत्पादन बनवायला निघालं तर तो व्यापारी वापर झाला. त्याचा विषय आधी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे न्यायचा.

अर्जासोबत काय जोडायचं?

संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज. दोन-तीन पानांचा प्रस्ताव, त्यात हेतू, ठिकाणं, कालावधी आणि पद्धत. सगळ्या सहभागींची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती. वाहनाचा क्रमांक. गावाचं आणि कक्षाचं नाव दाखवणारा नकाशा. रात्री थांबणार नाही, आग पेटवणार नाही, ठरल्यापेक्षा जास्त नमुने घेणार नाही आणि अहवालाची प्रत देऊ, असं हमीपत्र. शुल्क सांगितलं गेलं तर ते भरून पावती फाइलला लावा.

प्रस्तावात दोन गोष्टी आवर्जून लिहा. पहिली, प्रत्येक प्रकाराचे जास्तीत जास्त किती नमुने घेणार. "आवश्यकतेनुसार" असं लिहिलं की शंका येते. "कोवळी, मध्यम आणि पूर्ण उमललेली अशी मिळून तीन ते पाच" असं लिहिलं की काम समजतं. दुसरी, नमुने शेवटी कुठे जाणार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे, जिथे वाळवलेले नमुने जपले जातात. अशा संग्रहालयाशी आधीच पत्रव्यवहार करून त्यांची संमती जोडली तर अर्जाला वजन येतं. एखादी प्रजाती खरोखर नवीन निघाली तर जैवविविधता अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ती शासनाने नेमलेल्या भांडारसंस्थेला (नमुने जपणाऱ्या संस्थेला) कळवणं आणि तिचा नमुना तिथे जमा करणं बंधनकारकच आहे.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. फेब्रुवारीत अर्ज, मार्च-एप्रिलमध्ये त्रुटींची पूर्तता, मेअखेर आदेश असा हिशेब ठेवा. आदेश मिळाल्यावर त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि वनरक्षक या तिघांनाही स्वतः नेऊन द्या, आणि प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी फोन करा.

ग्रामसभेचा ठराव

पेठ, सुरगाणा, कळवण हा अनुसूचित भाग आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार वनहक्कधारकांना गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातलं इतर उत्पन्न) गोळा करण्याचा हक्क आहे, आणि जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्कही या कायद्याने मान्य केला आहे. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे ग्रामसभेला डावलून नुसतं वनखात्याचं पत्र घेऊन जाणं मला साफ चुकीचं वाटतं. सभेत विषय मांडा, काय नेणार आणि काय परत आणून देणार ते सांगा, ठरावाची प्रत घ्या.

कोणत्या वारुळावर कोणत्या नक्षत्रात अळंबी येते, हे गावातल्या बायकांना पाठ असतं. ती माहिती नोंदवताना सांगणारीला विचारा, तिचं नाव द्यायचं की नाही. जिथून घरची भाजी होते ती नेमकी जागा प्रसिद्ध करू नका. नोंदीत ठेवा, पण बाहेर तालुक्यापुरतीच सांगा. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जैवविविधतेची नोंद ठेवणारी वही, असते. तिच्यात अळंबीची पानं रिकामी असतील तर आपली यादी तिथे भरून देणं हा चांगला मोबदला आहे.

नोंदपत्रक: परवानगीइतकंच महत्त्वाचं

नोंद नसलेला नमुना संग्रहालयात घेत नाहीत. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, तारीख, जीपीएस, उंची. अळंबी कशावर उगवली: माती, शेण, पालापाचोळा, कुजकं लाकूड की वारूळ? जवळ कुठली झाडं आहेत? वास कसा, कापल्यावर रंग बदलतो का? फोटो वरून, बाजूने आणि खालून, पट्टी ठेवून.

देठ अर्ध्यात मोडू नका, चाकूने खालून उकरून काढा. वारुळावरची अळंबी टर्मिटोमायसिस या गटातली असते आणि तिचा देठ मुळासारखा खोल, थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो. तो तुटला की ओळखीचा मोठा पुरावा जातो. नमुने कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये संध्याकाळपर्यंत लगदा होतो.

घरी आल्यावर आधी बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा. टोपी अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर येईल अशी पालथी ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर थांबा. मग साधारण ४० ते ४५ अंशांवर नमुना कडक वाळेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे उन्हावर भरवसा ठेवता येत नाही, फळं-भाज्या वाळवण्याचं विजेचं यंत्र घ्यावं. वाळवण्याआधी छोटा तुकडा डीएनएसाठी वेगळा ठेवा. बुरशीच्या ओळखीसाठी आयटीएस हा जनुकीय भाग २०१२ पासून जगभर मान्य आहे, पण नुसत्या त्या निकालावर नाव ठरवू नये. सूक्ष्मदर्शकाखालचे बीजाणू जुळले पाहिजेत.

ठशाचं महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. पावसाळ्यात बागेतल्या हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या, तपकिरी खवल्यांच्या छत्र्या येतात. खाण्याजोग्या छत्रीसारखी दिसणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही त्यांतलीच. तिचा ठसा हिरवट उतरतो. ती विषारी आहे, खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

म्हणून सर्वेक्षणाच्या अहवालात "खाण्यास योग्य" हा रकाना ठेवू नका. गावात खातात असं कळलं तर "गावात खाल्ली जाते, अशी माहिती" एवढंच लिहा. फोटोवरून कोणी "खाऊ का?" विचारलं तर उत्तर नाही असंच द्या. कोणाला त्रास झालाच तर उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा. खाल्ल्यानंतर सहा तासांहून उशिरा सुरू झालेल्या उलट्या जास्त धोक्याच्या असतात, कारण यकृतावर घाला घालणारी विषं उशिराच लक्षणं दाखवतात. मध्ये एखादा दिवस बरं वाटलं तरी रुग्णाला घरी ठेवू नये.

काम संपल्यावर

परवानगीच्या आदेशात अहवालाची मुदत दिलेली असते, ती पाळा. अहवालात प्रजातींची यादी, न ओळखता आलेल्या नमुन्यांची वेगळी यादी आणि संग्रहालयाने दिलेले नमुना क्रमांक असावेत. न ओळखलेली यादी लांबलचक असली तरी लपवू नका. पुढच्या अभ्यासकाला तीच उपयोगी पडते. एक प्रत वनविभागाला, एक ग्रामसभेला मराठीत, स्थानिक नावांसह. दुसऱ्या वर्षी काम चालू ठेवायचं असेल तर मुदतवाढीचा अर्ज याच अहवालासोबत, आदेश संपण्याआधी द्या. आदेश एकदा संपला की पुन्हा पहिल्यापासून फाइल सुरू होते.