फ्लाइंग स्कॉट्समन: हिरवा, पण कुठला?

फ्लाइंग स्कॉट्समन या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाला कुठला हिरवा रंग द्यावा, यावर चाहत्यांत वाद आहे. पण आधी नावाचा घोळ. लंडनहून सकाळी दहाला एडिनबरोकडे सुटणारी गाडी १८६२ पासूनची. तिला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे नाव अधिकृतपणे मिळाले ते १९२४ मध्ये. त्याच वर्षी वेम्बलीच्या प्रदर्शनात मांडलेल्या, डॉनकास्टरला बांधलेल्या इंजिनावरही तेच नाव चढले. १ मे १९२८ ची ३९२ मैलांची विनाथांबा फेरी मात्र गाडी आणि इंजिन दोघांच्याही नावावर. चालक-फायरमनची जोडी धावत्या गाडीत बदलावी म्हणून टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून, जेमतेम दीड फूट रुंदीचा बोळ काढला होता. अंग चोरूनच जायचे.

याच इंजिनाने १९३४ मध्ये गाठलेल्या ताशी १०० मैलांच्या वेगाबद्दल वेगळे सांगायला नको.

जानेवारी १९६३ मध्ये हे इंजिन सेवेतून निघाले आणि भंगारात जाण्याआधी एका व्यावसायिकाने ३,००० पौंडांना घेतले. रंगाचा आजचा वाद तिथून सुरू होतो. त्याने दुहेरी धुराडे काढून एकेरी बसवले, बाजूचे धूररोधक पत्रे उतरवले, सफरचंदी हिरवा रंग दिला आणि ४४७२ हा जुना क्रमांक रंगवला. लोकांच्या मनात ठसले ते हेच रूप. पण १९४७ मध्येच बॉयलर बदलून दाब चौरस इंचाला १८० वरून २२० पौंड झाला होता आणि त्याआधीच ४४७२ हा क्रमांक गेला होता. म्हणजे या बॉयलरसह हे रूप रेल्वेच्या सेवेत कधी धावलेच नाही!

पुढे अमेरिकेचा दौरा, १९७२ मध्ये मालकाचे दिवाळे, नवा मालक, १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ४२२ मैलांची विनाथांबा धाव. नव्वदच्या दशकात दुहेरी धुराडे परत आले. त्याने इंजिन मोकळे श्वास घेते, पण धूर जोराने वर न जाता चालकाच्या डोळ्यांपुढे लोळतो. म्हणून मागोमाग पत्रेही आले.

२००४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २३ लाख पौंडांना घेतले. २००६ पासून दहा वर्षे चाललेल्या दुरुस्तीवर ४२ लाख गेले. २०१६ मध्ये बाहेर आले ते गडद हिरवे, ६०१०३ या सेवेतल्या शेवटच्या क्रमांकाचे, पत्र्यांसकट. सफरचंदी हिरव्याच्या चाहत्यांना हे रुचले नाही. मला विचाराल तर निवड बरोबर होती. आज हाताशी असलेल्या यंत्राशी जुळते ते सेवेतल्या शेवटच्या वर्षभराचेच रूप. २०१६ च्या जानेवारीतल्या चाचण्यांत तर ते नुसते काळे होते, हिरवा हात नंतर फिरला.