स्लीपनंतर यूएसबी बंद? पोर्ट जळलेला नसतो
बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एक समज पक्का बसलाय: लॅपटॉप स्लीपमधून उठला आणि माऊस चालेना, म्हणजे करंट कमी-जास्त होऊन पोर्ट जळला. रीस्टार्ट केल्यावर तोच पोर्ट चालतो ना? मग जळला कुठं! स्लीपमध्ये यूएसबी उपकरण सस्पेंड होतं, म्हणजे वीज वाचवायला झोपवलं जातं. जागं होताना काहींचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, अडखळतं. दोष खरा, पण बऱ्याचदा उपकरणाचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, अशा खोडकर उपकरणांची यादीच आहे. त्यातल्या काहींना उठताना सरळ रीसेट केलं जातं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी रूट हबच्या (यूएसबी पोर्ट ज्याला जोडलेले असतात त्याच्या) पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढून बघा. बॅटरी थोडी जास्त खाईल, खाऊ दे. मदरबोर्डचा खर्च त्यानंतर.