वीस किलोचा डालेर आणि चार ग्रॅमचा डालेर

स्वीडनच्या जुन्या नाण्यांबद्दल आपल्याकडे जे काही फिरत असतं, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची हमखास सरमिसळ झालेली दिसते. ‘स्वीडनमध्ये तांब्याची अवाढव्य नाणी होती, राजाने लढाईसाठी ती पाडली आणि देश कंगाल झाला’ अशी एका वाक्यात गुंडाळलेली गोष्ट. यातला एकेक तुकडा कुठे ना कुठे खरा आहे. पण अवाढव्य नाणी वेगळी आणि लढाईसाठी पाडलेली वेगळी. पहिली म्हणजे प्लेट नाणी, स्वीडिशमध्ये ‘प्लोटमिंट’. दुसरी अडीनडीची नाणी, ‘न्योडमिंट’. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख टोकन असाच होतो, म्हणून आपणही टोकनच म्हणू.

गोंधळ होतो याचं फारसं नवल नाही. दोन्ही तांब्याची आहेत. दोन्हींवर ‘१ डालेर एस. एम.’ असा मजकूर सापडतो (डालेर हे तेव्हाचं स्वीडिश चलन). आणि बाराव्या कार्लच्या राज्यात, म्हणजे १६९७ ते १७१८ या काळातल्या शेवटच्या तीन-चार वर्षांत, दोन्ही एकाच बाजारात चलनात होती. (इंग्रजी पुस्तकं या राजाला बारावा चार्ल्स म्हणतात, माणूस तोच.)

आधी त्या ‘एस. एम.’चा उलगडा करायला हवा, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. एस. एम. म्हणजे चांदीच्या हिशेबातला डालेर. नाण्यात चांदी आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. सतराव्या शतकात स्वीडनमध्ये हिशेबाचे दोन डालेर होते, एक चांदीचा आणि एक तांब्याचा, म्हणजे के. एम. सुरुवातीला दोघांतलं अंतर कमी होतं. पुढे ते वाढत गेलं आणि १६६५ पासून चांदीचा एक डालेर म्हणजे तांब्याचे तीन असा भाव ठरला. एका डालेरचे ३२ ओरे. म्हणजे चांदीच्या हिशेबातला एक डालेर हा तांब्याच्या हिशेबात ९६ ओरे. हा ९६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्लेटा. त्या कार्लच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत, त्याच्या जन्माच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीच्या आहेत. फालूनच्या खाणीमुळे स्वीडन तेव्हा युरोपचा तांब्याचा मोठा पुरवठादार होता. १६५० च्या आसपास त्या एका खाणीतून वर्षाला सुमारे तीन हजार टन तांबं निघत होतं. चांदी मात्र बेताचीच, आणि १६१३ च्या तहानंतर एल्व्सबोर्गचा किल्ला सोडवून घेण्यासाठी डेन्मार्कला दहा लाख रिक्सडालेर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, मोजताना तीही आटून गेलेली. तेव्हा दुसऱ्या गुस्ताव अडोल्फने १६२४ मध्ये तांब्याची नाणी सुरू केली. त्यामागे दुहेरी हिशेब होता. घरात तांबंच चलन म्हणून वापरलं की चांदीची चणचण भागते, आणि तेवढं तांबं परदेशी बाजारात उतरत नाही म्हणून तिथला भावही पडत नाही.

फक्त एक अडचण होती. चांदी तांब्याच्या साधारण शंभरपट महाग. त्यामुळे मोठ्या किमतीचं नाणं तांब्यात पाडायचं आणि त्यात खरोखर तेवढ्या किमतीचं तांबं घालायचं, तर ते नाणं उरतच नाही, ती लादी होते. गुस्ताव अडोल्फची मुलगी राणी क्रिस्तिना हिच्या राज्यात, १६४४ मध्ये, आवेस्ताच्या टांकसाळीने नेमकी तीच पाडली. दहा डालेरची प्लेट, जवळपास ७० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि वजनाला १९.७ किलो. घरगुती गॅसच्या रिकाम्या सिलिंडरहून जड. एवढा पत्रा अख्खा ठशाखाली घालणारं यंत्र नव्हतंच. म्हणून ठोकून केलेल्या चौकोनी पत्र्यावर पाच जागी गोल शिक्के मारले. मधल्या शिक्क्यात किंमत आणि चार कोपऱ्यांत मुकुटासह राणीचं नाव व साल. प्लेट कोपऱ्यातून कापून कोणी तांबं लाटू नये, हा चार कोपऱ्यांचा उपयोग. दहा डालेरच्या प्लेटा १६४४-४५ मध्येच पाडल्या गेल्या, आणि आज त्यांतल्या मोजक्याच शिल्लक आहेत. पुढे सगळा व्यवहार लहान प्लेटांवर आला. कार्लच्या काळातली १ डालेरची प्लेट पाऊण किलोच्या आसपास भरते, २ डालेरची दीड किलो.

ही व्यवस्था वेडगळ वाटते, आणि रोजच्या वापराला ती वेडगळ होतीच. बऱ्यापैकी रक्कम द्यायची तर गाडी जुंपावी लागे. स्टॉकहोमच्या योहान पाल्मस्ट्रुकच्या बँकेने १६६१ मध्ये युरोपातल्या पहिल्या छापील नोटा काढल्या, त्यामागे प्लेटाच आहेत. सरकारने नव्या प्लेटा हलक्या केल्या, तशा जुन्या, जड प्लेटा बँकेत ठेवलेले लोक त्या परत मागायला धावले, आणि बँकेने त्याऐवजी कागद हातात ठेवला. पण वेडगळपणाच्या आत एक चोख हिशेब आहे, तो नजरेआड करू नये. प्लेटेवर राजाचा शिक्का पुसला गेला, राजा मेला, देश हरला, तरी हातातलं तांबं हातातच राहतं. तांबट ते तोलून घेईल. शिक्का एवढंच सांगतो की वजन बरोबर आहे.

टोकनाचं गणित याच्या बरोबर उलटं.

पोल्टावाला १७०९ मध्ये रशियाच्या पीटरकडून सपाटून मार खाल्ल्यावर कार्ल तुर्की सुलतानाच्या मुलखात बेंदेरला जाऊन राहिला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १७१४ मध्ये, युरोप आडवा कापत घोड्यावरून तो जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या श्ट्राल्झुंड या स्वीडिश ठाण्यात पोहोचला. पंधरा-एक दिवसांची ती दौड मोठी गाजली. पण खजिना रिकामा होता, बाल्टिकपलीकडचे प्रांत हातचे गेलेले, आणि राजाला आणखी फौज उभी करायची होती. परदेशातून दारूगोळा आणि धान्य आणायचं तर तिथे खरा पैसा लागतो, म्हणजे चांदी किंवा वजनावर विकलं जाणारं तांबं. मग घरात काय वापरायचं? घरात राजाचा शब्द वापरायचा. १७१५ मध्ये पहिलं टोकन निघालं. अडीच सेंटीमीटरच्या आतबाहेर, जेमतेम चार ग्रॅम तांबं, आणि वर लिहिलेली किंमत तीच, १ डालेर एस. एम.

म्हणजे एकाच बाजारात, एकाच नावाने, एकाच धातूत पाऊण किलोचा डालेर आणि चार ग्रॅमचा डालेर. फरक दिसायला डोळेसुद्धा नकोत, हातावर घेतलं की कळतं.

टोकनांचे एकूण दहा प्रकार झाले, आणि मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मजा येते ती त्यांची रांग लावून बघताना. १७१५ चं साधं, त्यावर मुकुट. १७१६ च्या टोकनावर देशाचं प्रतीक असलेली बसलेली स्त्री, आणि लॅटिनमध्ये ‘पब्लिका फिदे’, जनतेच्या विश्वासावर. १७१७ ला ‘वेट ओक वापेन’, बुद्धी आणि शस्त्र. १७१८ मध्ये घाई सुरू झाली. ‘फ्लिंक ओक फेर्दिग’, म्हणजे चपळ आणि सज्ज, त्यावर योद्धा आणि सिंह. मग ज्युपिटर, सॅटर्न, फिबस, मार्स, मर्क्युरी असे रोमन देव एकामागून एक. सॅटर्न निवडण्याची बुद्धी कोणाला झाली देव जाणे, कारण तो स्वतःचं मूल खाणारा देव, आणि टोकनावर तो तसाच दाखवलेला. लोकांना त्यात काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको. शेवटचं ‘होप्पेत’, आशा. जहाजाचा नांगर धरलेली बाई आणि साल १७१९.

एवढे प्रकार का? हौस म्हणून नव्हे. चार ग्रॅम तांब्याला एक डालेर मिळतो म्हटल्यावर खोटं टोकन पाडणाऱ्याला दुसरा धंदा करायची गरजच उरत नाही. प्लेट खोटी पाडायची तर तेवढंच तांबं घालावं लागतं, मग मेहनत फुकट. म्हणून टोकनाचं चित्र सारखं बदलायचं आणि जुनं मुदतीत बदलून घ्यायला लावायचं, एवढाच उपाय सरकारच्या हातात होता. संख्या मात्र कोट्यवधींवर गेली आणि वस्तूंचे भाव चढत गेले.

याला तुघलकी कारभार म्हणून मोकळं होता येतं, आणि साम्य खरंही आहे. १३३० च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या किमतीची तांब्या-पितळेची टोकन नाणी काढली, त्यांतली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली आहेत, आणि त्यांचीही खोटी नाणी सुटली. पण शेवट वेगळा. तुघलकाने टोकनं पूर्ण किमतीला परत घेतली असं इतिहासकार बरनी लिहितो. स्वीडनमध्ये तसं झालं नाही.

कार्ल ३० नोव्हेंबर १७१८ च्या रात्री नॉर्वेतल्या फ्रेड्रिकस्टेन किल्ल्याच्या वेढ्यात, खंदकात, डोक्यात गोळी लागून मेला. (तारीख तेव्हाच्या स्वीडिश दिनदर्शिकेप्रमाणे; आजच्या हिशेबाने ११ डिसेंबर.) राजा गेला तसा टोकनांचा एकुलता आधार गेला. सगळा राग निघाला तो गेऑर्ग हाइनरिख फोन ग्योर्ट्झ या होल्श्टाइनच्या सरदारावर. कार्लच्या पैशाचं खातं तो सांभाळत होता. फेब्रुवारी १७१९ मध्ये स्टॉकहोमला त्याचं डोकं उडवलं. माझ्या मते तो सोयीचा बकरा होता. टोकनांवर शिक्कामोर्तब करणारा राजा निरंकुश होता, आणि ग्योर्ट्झ तर परका. तरी आजही ही नाणी लिलावाच्या यादीत ‘ग्योर्ट्झचे डालेर’ म्हणूनच येतात.

कार्लची बहीण उल्रिका एलेओनोरा गादीवर आली आणि १७१९ च्या वसंतात टोकनांची किंमत निम्मी करण्यात आली. ती निम्मीही रोख नव्हे, त्यातला मोठा भाग पुढे कधीतरी मिळण्याच्या हमीच्या कागदात. बाकी टोकनांचं काय केलं? त्यांवरच नवे ठसे मारून ती १ ओरे के. एम. म्हणून पुन्हा चलनात आणली. आता तो ९६ चा आकडा. जी चकती काल एक डालेर, म्हणजे ९६ ओरे होती, तीच चकती आज एक ओरे. टोकनाची खरी लायकी किती होती, याचा हिशेब टांकसाळीनेच जाहीर मांडून दिला.

इथवर फरक सरळ आहे, पण मध्ये एक खोडा आहे आणि तो सांगितला नाही तर जुन्या प्लेटा बघताना गडबड होईल. १७१८ मध्ये प्लेटांनाही हात घातला गेला. चलनातल्या प्लेटांवर नवा शिक्का मारून किंमत दीडपट केली. दोन डालेरची प्लेट तीन डालेरची झाली, वजन तेवढंच. म्हणजे त्या प्लेटेचा दोन तृतीयांश भाग धातू आणि एक तृतीयांश भाग राजाचा शब्द. ही वाढ कार्लनंतर लगेच रद्द झाली, पण शिक्के तांब्यात राहिले. एखाद्या प्लेटेवर दोन वेगवेगळ्या किमती दिसल्या तर ती खोटी समजू नका, तारीख बघा.

टोकनं गेली तरी प्लेटा गेल्या नाहीत. अठराव्या शतकात त्या पाडल्या जात राहिल्या, आणि १७७६ मध्ये तिसऱ्या गुस्तावच्या नाणेसुधारणेने त्यांचा कारभार संपला. त्यानंतर त्यांचं जे झालं त्याचा एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. १७८३ मध्ये ‘निकोबार’ नावाचं डॅनिश जहाज तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीकडे निघालं होतं, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ बुडालं. १९८० च्या दशकात पाणबुड्यांना तिथे हजारोंनी स्वीडिश प्लेटा मिळाल्या. त्या काही नाणी म्हणून इकडे येत नव्हत्या. इकडे त्यांचा भाव तांब्याचा. चलनातून बाद झालेलं टोकन एवढ्या लांब कोणी पाठवलं नसतं.

संग्राहकाच्या दृष्टीने एवढं पुरेसं आहे. गोल, लहान, मुकुट, योद्धा, देव किंवा देवी कोरलेली आणि साल १७१५ ते १७१९ असेल तर टोकन. ही बाजारात भरपूर आहेत. चौकोनी, जाड, कोपऱ्यांत शिक्के असतील तर प्लेट, आणि समुद्रातून आलेली असेल तर खाऱ्या पाण्याने खाल्लेली, शिक्के अर्धेमुर्धे उडालेली. सर्वांत जास्त फसगत होते ती १७१९-२० च्या १ ओरेच्या नाण्यांत, कारण ती टोकनांच्याच अंगावर पाडलेली. डालार्ना प्रांताचे फुलीसारखे एकमेकांवर ठेवलेले बाण वर ठसठशीत असतात, पण नाणं उजेडात तिरकं धरलं की त्यांच्या खालून कधी सिंहाचा पंजा तर कधी जहाजाच्या नांगराचा आकडा डोकावतो, आणि कडेच्या अक्षरांत जुना मजकूर उलटासुलटा मिसळलेला दिसतो. विकणारा पुष्कळदा त्याला ‘खराब झालेलं’ म्हणून स्वस्तात देतो.