सीतेच्या वेणीच्या बीला शिदोरीच नसते

गेल्या जूनमध्ये जांबोटीकडच्या आमच्या काकांनी आंब्यावरची सीतेची वेणी बांडगूळ समजून कोयत्यानं उतरवली, तीही भर फुलांत, आणि खानापूर तालुक्यात हा गैरसमज घरोघरी आहे म्हणून लिहायला बसलो. बांडगूळ फांदीच्या आत घुसून रस ओढतं. सीतेची वेणी ही ऑर्किड, म्हणजे आपली आमरी, ती तसलं काही करत नाही, नुसती फांदीला धरून बसते आणि तिची पांढरी, स्पंजासारखी मुळं पावसाचं, धुक्याचं पाणी टिपतात.

खरी गंमत बीमध्ये आहे. हरभऱ्याच्या दोन्ही डाळी म्हणजे कोंबाची शिदोरीच. आमरीच्या एका फळात हजारो, काही जातींत लाखो बिया, पिठीसारख्या बारीक, वाऱ्यावर उडणाऱ्या, पण शिदोरी जवळजवळ शून्य. रानात ठराविक बुरशी बीत शिरते, तिच्या धाग्यांची वेटोळी भ्रूणाच्या पेशींत होतात आणि भ्रूण ती वेटोळीच पचवून वाढतो! बुरशी भेटली नाही तर बी वाया. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी हे १८९९ मध्ये ओळखलं आणि १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नुडसन यांनी दाखवलं की बुरशी नसली तरी साखर दिली की बी रुजते.

लॅबमध्ये आजही तेच चालतं. हिरवं, न तडकलेलं फळ ब्लीचनं धुवायचं, स्पिरिटमध्ये बुडवून क्षणभर ज्योतीवर धरायचं, लॅमिनार फ्लोच्या, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाच्या, स्वच्छ हवेत चिरायचं आणि साखर, क्षार घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, बाटलीत बी पसरायचं, कुणी त्यात नारळाचं पाणीही घालतं कारण त्यात पेशी वाढवणारे सायटोकायनिन असतात. मग बी फुगते, हिरवी होते, ना मूळ ना पान असा बारका गोळा, तो प्रोटोकॉर्म. बाहेरच्या बुरशीचा एक कण आत गेला तरी अख्खी बाटली फुकट, साखर तिलाही हवीच असते.

यात जीन बदलतात ही अफवा सोडा, तसं काही होत नाही. आपले शेतकरी टिश्यू कल्चरची, म्हणजे अशीच लॅबच्या बाटलीत वाढवलेली, जी-नाईन जातीची केळी लावतातच की. पण केळीसारखे एकाच झाडाचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, रानात परत लावायला नकोत, एक रोग आला तर सगळेच जातील, तिथं वेगवेगळ्या झाडांच्या बियांची रोपं हवीत.

बाटलीच्या दमट हवेतल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, एकदम बाहेर काढलं की माना टाकतात, म्हणून आधी कोळसा आणि नारळाच्या काथ्यात, सावलीत ठेवतात.

काकांची वेणी आम्ही सुतळीनं परत आंब्याला बांधलीय. यंदाच्या पावसात एक नवं मूळ, टोकाला पोपटी, सालीला चिकटलंय.