सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी की कॅरिटास? धर्मग्रामातली मदत नेमकी कुणाची

कॅथलिक चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपता संपता सूचना होतात. एखाद्या रविवारी सांगतात, आजची दारावरची वर्गणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसाठी आहे. पुढे कधीतरी सांगतात, या रविवारचं दान कॅरिटासला जाईल. बाकांवर बसलेल्या बहुतेकांच्या कानात दोन्हींचा अर्थ एकच उरतो: गरिबांसाठी. त्यात चूक काही नाही. पण घरात आजारपण येऊन भाडं थकलं तर कुणाकडे जायचं, दिलेल्या पैशांचा हिशोब कुणाला विचारायचा आणि स्वतःला काही करावंसं वाटलं तर नाव कुठे द्यायचं, हे प्रश्न आले की दोघांमधला फरक कळून घ्यावाच लागतो.

दोन्ही कॅथलिकांच्याच मदतसंस्था. पण सोसायटी तिच्या सदस्यांची आहे आणि कॅरिटास बिशपांची, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

सोसायटी सुरू झाली पॅरिसमध्ये, २३ एप्रिल १८३३ रोजी. तिच्या संस्थापकांपैकी एक, विद्यार्थी असलेला फ्रेडरिक ओझानाम, त्या दिवशी वीस वर्षांचा झाला होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत चर्चच्या टीकाकारांनी त्याला डिवचलं होतं की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, पण आज गरिबांसाठी काय करताय? आदल्याच वर्षी कॉलऱ्याने पॅरिसमध्ये हजारो माणसं गेली होती, त्यामुळे प्रश्न वादापुरता नव्हता. सहा विद्यार्थी आणि वयाने मोठे असलेले संपादक एमान्युएल बायी एकत्र आले. हेतू चांगला होता, पण गरीब माणसाच्या घरात शिरून बोलायचं काय, याचा पोरांना गंध नव्हता. ते त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांनी शिकवलं. शहराच्या मूफतार या दरिद्री भागात त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. कुठल्या घरी जायचं हेही त्यांनीच सांगितलं.

या सोसायटीचे संस्थापक खुद्द संत व्हिन्सेंट, असा एक पक्का समज आहे. तो खरा नाही. ते १६६० मध्येच वारले होते. सोसायटीने त्यांना आश्रयदाते संत मानलं आणि त्यांचं नाव घेतलं, इतकंच. त्यांनी स्थापन केलेला धर्मगुरूंचा संघ वेगळा, आणि सोसायटी वेगळी. सोसायटी पहिल्यापासून प्रापंचिकांची आहे, म्हणजे नोकरी-संसार करणाऱ्या साध्या भाविकांची. धर्मगुरू तिथे आध्यात्मिक सल्लागार म्हणून बसतात, अध्यक्ष म्हणून नाही. अध्यक्षांची निवड सदस्य करतात.

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहात, तिचं जे छोटं मंडळ असतं त्याला कॉन्फरन्स म्हणतात. ते दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरतं. प्रार्थना होते, मागच्या भेटींचं काय झालं ते सांगितलं जातं, पुढच्या भेटी वाटून घेतल्या जातात. जुन्या रिवाजाप्रमाणे सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण तिच्यात हात घालतो, आणि कुणी किती टाकलं हे शेजारच्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे टाकायला काही नाही त्याचीही लाज त्या पिशवीत झाकली जाते. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

पण सोसायटीचं खरं काम सभेत होत नाही. दोन सदस्य जोडीने एखाद्या घरी जातात, बसतात, ऐकतात. धान्य, औषध, फी, भाडं हे सगळं त्या भेटीच्या ओघात येतं. घरात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा दंडक आहे. धर्म किंवा जात विचारायची नाही, हाही. आणखी एक नियम बाहेरच्यांना नवल वाटावा असा आहे: पैसा साठवून ठेवायचा नाही. गरिबांसाठी आलेला पैसा गरिबांपर्यंत लवकर जायला हवा. मुदतठेवीच्या व्याजावर चालणारी कॉन्फरन्स ही नियमाच्या दृष्टीने अडचणीचीच गोष्ट आहे.

कॅरिटास वेगळ्या काळात आणि वेगळ्या गरजेतून आली. १८९७ मध्ये लोरेंझ वेर्थमान या धर्मगुरूंनी जर्मनीत तिचा पाया घातला. तोवर कॅथलिक अनाथालयं, इस्पितळं, मदत मंडळं पुष्कळ झाली होती, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. त्यांना एका सूत्रात आणणं हे पहिलं काम होतं. मग देशोदेशी अशा संस्था झाल्या, १९५१ मध्ये त्यांचा जागतिक महासंघ झाला, आणि पुढे त्याला कॅरिटास इंटरनॅशनॅलिस हे नाव मिळालं. आज त्यात १६० हून जास्त सदस्य संस्था आहेत. सगळ्यांच्या नावात कॅरिटास नसतं, त्यामुळे गोंधळ वाढतो: अमेरिकेतली कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस किंवा आयर्लंडमधली ट्रोकरा याच कुटुंबातल्या आहेत.

देशपातळीवर ती बिशपांच्या परिषदेच्या हाताखाली चालते आणि धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात, तिथल्या बिशपांच्या. पगारी माणसं असतात, प्रकल्प असतात, अहवाल असतात. भूकंप, पूर, युद्ध, निर्वासितांचे लोंढे अशा वेळी तिचं बळ दिसतं, कारण शेकडो टन धान्य हलवायला आणि सरकारी खात्यांशी बोलायला जोडीने जाणारे दोन सदस्य पुरत नाहीत.

मालकीचा हा फरक किती खरा आहे, हे २२ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाला दिसलं. पोप फ्रान्सिस यांनी एका आदेशाने कॅरिटास इंटरनॅशनॅलिसचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार यांना पदांवरून दूर केलं आणि तात्पुरता प्रशासक नेमला. कारण सांगितलं गेलं ते व्यवस्थापनातल्या उणिवांचं. पैशांचा अपहार सापडलेला नव्हता. पुढच्या वर्षी नवी निवडणूक झाली. चर्चच्या अधिकृत व्यवस्थेचं अंग असलं की असा आदेश येऊ शकतो. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी चर्चबरोबर चालते, पण आपला कारभार आपल्याच नियमावलीने आणि निवडून दिलेल्या माणसांकडून हाकते.

आता धर्मग्रामाकडे. इथेच दोघांची सरमिसळ होते, आणि तिला कारण आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये चर्चच्या सेवाकार्याविषयी एक कायदा काढला. त्यात बिशपांना सांगितलं की प्रत्येक धर्मग्रामात कॅरिटासचं किंवा तशाच स्वरूपाचं सेवाकेंद्र उभं राहावं म्हणून उत्तेजन द्या. सोबत असंही म्हटलं की कॅरिटासच्या जोडीने इतर सेवाकार्यांनाही धर्मग्रामात जागा असावी आणि या सगळ्यांचा मेळ प्रमुख धर्मगुरूंनी राखावा. म्हणजे एकाने दुसऱ्याला गिळावं असा बेत कुणाचाच नाही. प्रत्यक्षात मात्र त्याच चार-सहा उत्साही माणसांची नावं दोन्हीकडे असतात, कपाट एकच, पावतीपुस्तकं दोन. मग कुठली मदत कुणी केली हे त्यांनाही नीट सांगता येत नाही.

इटलीत १९७१ मध्ये कॅरिटास स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्देशात मदतवाटपापेक्षा शिकवणुकीला वरचं स्थान दिलं होतं. धर्मग्रामाच्या वतीने कॅरिटासने दान करून टाकायचं नाही. अख्ख्या धर्मग्रामाला गरजू माणूस दिसायला लागावा, हे तिचं काम. माझ्या मते ही गोष्ट सगळीकडेच विसरली जाते. कॅरिटासचं कार्यालय आहे ना, मग आपण पाकीट दिलं की झालं, असं लोकांना वाटू लागतं.

सोसायटीचा रोग उलटा आहे. सदस्य म्हातारे होतात, नवे येत नाहीत, जिने चढवत नाहीत. मग घरभेटी हळूहळू बंद पडतात आणि महिन्याच्या एका रविवारी यादीतली नावं पुकारून पिशव्या दिल्या जातात. मदत पोचते, हे खरं. पण रांगेत उभी राहणारी विधवा आणि पिशवी देणारा सदस्य यांच्यात ‘कशी आहेस गं?’ एवढंही होत नसेल, तर ती कॉन्फरन्स म्हणजे कार्यालय नसलेली छोटी कॅरिटास झाली. आणि कॅरिटास ते काम कॉन्फरन्सपेक्षा कितीतरी नेटकं करते.

तेव्हा कुणाकडे जायचं? वीज तोडायची नोटीस आली आहे, मुलाची फी भरायची आहे, एकटं राहणाऱ्या शेजाऱ्याला कुणी विचारत नाही, अशा वेळी कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना गाठावं. निर्णय त्याच आठवड्याच्या सभेत होऊ शकतो, वरून मंजुरी यायची वाट पाहावी लागत नाही. संपूर्ण वस्ती वाहून गेली असेल, परदेशी अडकलेल्या मजुरांचा प्रश्न असेल किंवा दीर्घकाळ चालणारं पुनर्वसन असेल, तर कॅरिटास. दोन्हीकडे कॅथलिक असण्याची अट नसते.

दान देतानाही हेच ध्यानात ठेवावं. कॉन्फरन्सला दिलेलं दान बहुधा तुमच्याच आसपासच्या घरात पोचतं. गरज नसेल तिथे ते साठत नाही, दुसऱ्या गरजू कॉन्फरन्सला दिलं जाऊ शकतं. अगदी दूरच्या देशातल्या कॉन्फरन्सशीही जोडणी करून घेण्याची पद्धत सोसायटीत आहे. कॅरिटासचं दान धर्मप्रांतातून किंवा देशपातळीवरून वाटलं जातं, आणि तिचा वार्षिक आर्थिक अहवाल चर्चच्या अधिकाऱ्यांना द्यावाच लागतो. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या सुमारास पोपसाहेबांच्या कार्यासाठी जे दान गोळा होतं, ते या दोन्हींपैकी कुणाचंच नाही. ते थेट रोमला जातं. पाकिटावर काय छापलंय ते एकदा वाचून मगच ते पेटीत टाकावं. नाव नसलेलं पाकीट धर्मग्रामाच्या सर्वसाधारण खात्यात जाण्याचीच शक्यता जास्त.